टी-पेशींचे रिसेप्टर आणि हरवलेले सहा टक्के

साताऱ्याच्या एका विद्यार्थिनीने दोन प्रश्न पाठवले आहेत. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करते आणि सध्या एका लॅबमध्ये फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणा रंगवून मशीनवर मोजायची पद्धत, शिकते आहे. पहिला प्रश्न: "आमच्या नोट्समध्ये लिहिलंय की टी-पेशींचे रिसेप्टर दोन प्रकारचे, सीडी४ आणि सीडी८. मग टीसीआर हा तिसरा प्रकार धरायचा का? की प्रत्येक जातीच्या टी-पेशीचा टीसीआर वेगळा असतो?" दुसरा: "एका धडधाकट माणसाच्या रक्तात लिम्फोसाइटांपैकी सीडी३ आले ७२ टक्के, सीडी४ ४१ आणि सीडी८ २५. बेरीज होते ६६. उरलेले सहा टक्के गेले कुठे? मशीन चुकलं का?"

मशीन चुकलेलं नाही. नोट्स मात्र चुकल्या आहेत, त्या वाक्यावर सरळ काट मारा. (नवख्यांसाठी: लिम्फोसाइट ही पांढरी रक्तपेशी, टी-पेशी हा तिचा एक गट, टीसीआर म्हणजे टी-सेल रिसेप्टर, आणि सीडी४, सीडी८ वगैरे ही पेशींच्या अंगावरच्या रेणूंची नावं.) पहिल्याचं उत्तर नीट बसलं की दुसरा प्रश्न आपोआप सुटतो, म्हणून ते सहा टक्के जरा बाजूला ठेवू.

सांगली-मिरजेत पॅथॉलॉजी करता करता माझी पंचवीस वर्षं गेली. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे लिशमन नावाच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइड तेलाच्या भिंगाखाली बघणं. लिम्फोसाइट समोर आला की काय दिसतं? गडद जांभळं, गोल, घट्ट केंद्रक आणि त्याच्या कडेने फिकट निळ्या सायटोप्लाझमची नखाच्या कोरीएवढी पट्टी. बस्स. टी असो, बी असो, मदतनीस (सीडी४ वाली टी-पेशी) असो की मारेकरी (सीडी८ वाली), सगळे एका साच्यातले. स्लाइड बघून "हा सीडी४, हा सीडी८" असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटलाच तर त्याच्याकडून रिपोर्ट करून घेऊ नका. या पेशींमधला फरक आहे तो त्यांच्या अंगावरच्या रेणूंमध्ये, आणि ते रेणू तीन वेगवेगळ्या कामांचे आहेत. एक ओळखण्याचं काम करतो, दुसरा कुणाच्या हातून ओळखायचं ते ठरवतो, आणि बाकीचे ढीगभर रेणू पेशीने जायचं कुठे, ऐकायचं कुणाचं आणि थांबायचं कधी एवढं बघतात. तुमच्या नोट्सनी पहिले दोन एकाच पिशवीत कोंबले आहेत.

ओळखणारा तो टीसीआर. दोन साखळ्यांचा रेणू. रक्तातल्या सुमारे ९५ टक्के टी-पेशींत या साखळ्या अल्फा आणि बीटा असतात. त्या तयार होतात जनुकांचे तुकडे कापून जोडून: बीटासाठी व्ही, डी आणि जे असे तीन तुकडे, अल्फासाठी फक्त व्ही आणि जे. कापण्याचं काम रॅग-१ आणि रॅग-२ ही प्रथिनं करतात, आणि जोडाच्या जागी टीडीटी नावाचं एन्झाइम मनाला येईल तशी चार-दोन अक्षरं घुसडतं. त्या जोडाच्या जागेलाच सीडीआर-३ म्हणतात आणि ओळखण्याचा बराचसा भार तिच्यावर असतो. म्हणून एका माणसाच्या अंगात कोट्यवधी वेगवेगळे टीसीआर असतात. पण एका पेशीवर मात्र साधारण ३०,००० प्रती, आणि जवळजवळ सगळ्या एकाच छापाच्या.

आता नीट लक्ष द्या. सीडी४ पेशी आणि सीडी८ पेशी, दोघींचा टीसीआर याच तुकड्यांतून बनतो. मदतनीस पेशींसाठी वेगळी जनुकं आणि मारेकऱ्यांसाठी वेगळी, असं काही नाही. दोन मदतनीस पेशींच्या टीसीआरमध्ये जेवढा फरक असतो तेवढाच एका मदतनीस आणि एका मारेकरी पेशीच्या टीसीआरमध्ये असतो. पेशीगणिक वेगळा, हो. जातीगणिक वेगळ्या घडणीचा, नाही. एक अपवाद आहे, आणि तुमचे सहा टक्के तिथेच दडले आहेत.

मग सीडी४ आणि सीडी८ काय करतात? यासाठी मी विद्यार्थ्यांना सांगलीच्या मार्केट यार्डात नेतो, कधी खरोखर, बहुतेक वेळा तोंडीच. हळदीच्या सौद्यात अडत्या पोत्यातली हळकुंडं काढून पुढे धरतो. व्यापारी हळकुंड कटकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो. टीसीआर हा तो व्यापारी. फक्त त्याची एक खोड आहे: जमिनीवर पडलेल्या हळकुंडाकडे तो ढुंकूनही बघत नाही. कुणीतरी हातात धरून दाखवलं तरच बघतो, आणि बघताना हळकुंडाबरोबर ती धरणारी बोटंही चाचपतो. बोटं ओळखीची नसतील तर माल कितीही चोख असो, सौदा होत नाही.

ही बोटं म्हणजे पेशीवरचा एमएचसी हा रेणू, माणसात ज्याला आपण एचएलए म्हणतो, आणि हळकुंड म्हणजे त्याने धरलेला प्रथिनाचा तुकडा. ही खोड रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरात उंदरांवर दाखवली आणि १९७४ मध्ये छापली. एका वंशाच्या उंदराच्या मारेकरी पेशी स्वतःच्या वंशातल्या विषाणूबाधित पेशी मारत होत्या. दुसऱ्या वंशाच्या पेशींना तोच विषाणू लागलेला असला तरी सोडून देत होत्या. १९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अँटिबॉडीला असली अट नाही, ती सुट्या रेणूलाही जाऊन चिकटते. टीसीआर आणि अँटिबॉडी यांच्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक हाच, आणि परीक्षेत नेमका हाच कुणी लिहीत नाही.

बोटं दोन प्रकारची. वर्ग १ चा एमएचसी केंद्रक असलेल्या जवळपास प्रत्येक पेशीवर असतो आणि तो घरचा माल दाखवतो, म्हणजे त्या पेशीच्या आत बनलेल्या प्रथिनांचे तुकडे. विषाणू आत शिरून स्वतःची प्रथिनं बनवायला लागला की त्यांचेही तुकडे असेच बाहेर दिसतात. वर्ग २ चा एमएचसी मोजक्या पेशींवर असतो: डेंड्रिटिक पेशी, मॅक्रोफेज, बी-पेशी. त्या बाहेरून गिळून आणलेला माल दाखवतात. (डेंड्रिटिक पेशी बाहेरचा माल वर्ग १ वरही चढवू शकतात, पण ती भानगड आज नको.)

सीडी४ आणि सीडी८ हे रेणू हळकुंडाकडे बघतच नाहीत. हात कुणाचा आहे, एवढंच त्यांना कळतं. सीडी८ वर्ग १ च्या एमएचसीला मनगटापाशी धरतो, सीडी४ वर्ग २ च्या. त्यांची ही पकड एमएचसीच्या त्या भागावर असते जो माणसामाणसात फारसा बदलत नाही, आणि तुकडा कुठला आहे याच्याशी तिचा काहीएक संबंध नसतो. म्हणून त्यांना सह-रिसेप्टर म्हणतात. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ते हे: टीसीआर तिसरा नव्हे, तोच पहिला. सीडी४ आणि सीडी८ त्याचे जोडीदार.

जोडीदार लागतो कशाला? कारण टीसीआरची पकड फार ढिली असते, चांगल्या अँटिबॉडीच्या हजार पट ढिली म्हणा. शिवाय टीसीआरला स्वतःचा आवाज नाही. त्याच्या साखळ्यांची आत शिरलेली शेपटी इतकी आखूड असते की तिच्यातून निरोप जात नाही. निरोप देतो सीडी३ चा संच: गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा साखळ्या. (ही गॅमा-डेल्टा नावं पुढे येणाऱ्या गॅमा-डेल्टापेक्षा वेगळी आहेत. नावं ठेवणाऱ्यांनी आपला सूड उगवलाय.) सीडी४ किंवा सीडी८ च्या आतल्या शेपटीला एलसीके नावाचं एन्झाइम अडकलेलं असतं. जोडीदाराने हात धरला की ते एन्झाइम सीडी३ च्या शेजारी येतं, तिथे फॉस्फेट चढतात आणि पेशी जागी होते. सीडी३ प्रत्येक टीसीआरबरोबर असतोच असतो, म्हणूनच "ही टी-पेशी आहे का?" याची खूण आपण सीडी३ मानतो. हे ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता एक उलटी गोष्ट, जी मला स्वतःला कळायला फार वेळ लागला. आपल्याला वाटतं, पेशी आधी मदतनीस किंवा मारेकरी होते आणि मग तिला तसा टीसीआर मिळतो. घडतं उलटं. थायमसमध्ये, म्हणजे छातीतल्या ज्या ग्रंथीत टी-पेशी घडतात तिथे, कोवळ्या पेशीच्या अंगावर सीडी४ आणि सीडी८ दोन्ही असतात. टीसीआर नशिबाने जो निघेल तो. तो वर्ग २ च्या हातात बसला तर पेशी सीडी४ राखते आणि सीडी८ टाकून देते. वर्ग १ च्या हातात बसला तर उलट. कुठेच बसला नाही तर ती मरते, आणि स्वतःच्या शरीराच्या तुकड्यावर फारच घट्ट बसला तरी बहुतेक वेळा मरते. शंभरातल्या जेमतेम दोन-चार बाहेर पडतात. थायमस हा निरुपयोगी मांसाचा गोळा नाही हे जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये दाखवलं. त्याआधी त्याला लिम्फोसाइटांची स्मशानभूमी समजत. तसं बघितलं तर तीही समजूत अगदीच खोटी नव्हती.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर क्षयाची इग्रा चाचणी बघा, म्हणजे रक्तातल्या टी-पेशी क्षयाचा जंतू ओळखतात का हे पाहणारी चाचणी. वर्ग १ च्या खोबणीची दोन्ही टोकं बंद असतात, तिच्यात साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे मावतात. वर्ग २ ची टोकं उघडी, तिथे १३ आणि त्याहून लांब तुकडे बसतात. इग्राच्या चार नळ्यांच्या संचात क्षयाच्या जंतूच्या दोन प्रथिनांचे, ईसॅट-६ आणि सीएफपी-१० यांचे, तुकडे आधीच भरलेले असतात. एका नळीत लांब तुकडे, सीडी४ पेशींसाठी. दुसरीत लांबांच्या जोडीला आखूडही, म्हणजे सीडी८ पेशीही बोलतील. उरलेल्या दोन नळ्या पडताळणीच्या. आमच्याकडे नवीन आलेला तंत्रज्ञ नेहमी विचारतो, "सर, दोन्हीकडे क्षयच आहे, मग नळ्या दोन कशाला?" कारण तुकड्याची लांबी ठरवते हात कुठला, आणि हात ठरवतो ग्राहक कोण.

आणि एचआयव्ही. सांगली जिल्हा एके काळी एचआयव्हीसाठी राज्यात वरच्या जिल्ह्यांत गणला जायचा, त्यामुळे आमच्या पिढीने सीडी४ हा शब्द रिसेप्टर म्हणून नव्हे, आकडा म्हणून शिकला. पेशंटही विचारायचे, "डॉक्टर, माझा सीडी किती आला?" एप्रिल २००४ मध्ये देशात मोफत औषधं सुरू झाली, तेव्हा तो आकडा (एका मायक्रोलिटर रक्तातल्या सीडी४ पेशी) २०० च्या खाली गेला की औषध, असा हिशेब होता, २०१७ पासून आकडा काहीही असो, औषध लगेच. विषाणूचा जीपी-१२० हा रेणू सीडी४ ला धरतो आणि मग सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ या दुसऱ्या दारातून आत जातो. म्हणजे अडत्याचा हात धरायला ठेवलेला रेणू चोराने कडी म्हणून वापरला. सीडी८ पेशींवर ही कडीच नाही, म्हणून त्या वाचतात. ज्यांना दोन्ही पालकांकडून सीसीआर-५ चं डेल्टा-३२ हे तुटकं जनुक मिळालेलं असतं, त्यांना नेहमीचा विषाणू सहसा लागत नाही. अशी माणसं मुख्यतः उत्तर युरोपात सापडतात, आपल्याकडे जवळजवळ नाहीत.

मदतनीस पेशींच्या पुढच्या पोटजाती, टीएच-१, टीएच-२, टीएच-१७ वगैरे, यांच्या टीसीआरमध्ये घडणीचा फरक नाही. फरक आहे तो पत्त्याच्या रिसेप्टरांत. कोरी, म्हणजे अजून न चेतलेली, पेशी अंगावर सीसीआर-७ बाळगते आणि लसिकाग्रंथीत फिरत राहते. टीएच-१ वर सीएक्ससीआर-३ येतो, टीएच-१७ वर सीसीआर-६, बी-पेशींना मदत करणाऱ्या टीएफएच वर सीएक्ससीआर-५. हे पाठ करण्यात फार जीव घालवू नका. पोस्टाचे पिनकोड आहेत, लागतील तेव्हा बघावेत.

नियंत्रक पेशींवर, म्हणजे टी-रेगवर, मात्र थोडं थांबायला हवं. यांचाही टीसीआर अल्फा-बीटाच, यांच्यावरही सीडी४ च. पण यांच्या अंगावर सीडी२५ कायम भरपूर असतो. हा आयएल-२ च्या, म्हणजे टी-पेशींना वाढायला लावणाऱ्या निरोप्या प्रथिनाच्या, रिसेप्टरचा अल्फा भाग. तो जोडला गेला की आयएल-२ ची पकड जवळपास शंभर पट घट्ट होते, आणि टी-रेग शेजारच्या पेशींच्या तोंडचा आयएल-२ ओढून घेते. त्यातच सीटीएलए-४ हा ब्रेक ती सतत बाहेर काढून ठेवते. तो डेंड्रिटिक पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ बळकावतो, जे एरवी टी-पेशीवरच्या सीडी२८ ला मिळाले असते आणि पेशी चेतली असती. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ वरून या पेशी वेगळ्या काढल्या. २०२५ चं नोबेल त्यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह मिळालं. पॅनेल, म्हणजे एकत्र मोजायच्या खुणांचा संच, लावताना एक सावधगिरी: कुठलीही चेतलेली टी-पेशी काही काळ सीडी२५ दाखवते. नुसत्या सीडी२५ वर टी-रेग म्हणू नका. सीडी१२७ कमी आहे का बघा, जमलं तर पेशी उघडून आतलं फॉक्सपी-३ हे प्रथिन बघा. फॉक्सपी-३ रिसेप्टर नाही, पण रिसेप्टरांच्या यादीत त्याला घुसडलेलं मी बऱ्याच उत्तरपत्रिकांत वाचलंय.

आता तो अपवाद. टी-पेशींच्या एका छोट्या टोळीचा टीसीआर खरोखरच वेगळ्या साखळ्यांचा असतो: गॅमा आणि डेल्टा. ही टोळी सापडली तीही चुकून. १९८४ मध्ये प्रतिकारशास्त्रज्ञ सुसुमु टोनेगावा यांच्या प्रयोगशाळेत अल्फाचं जनुक शोधत असताना जे हाती लागलं ते निघालं गॅमाचं. डेल्टाची तर जागाच विलक्षण आहे. १४ व्या गुणसूत्रावर अल्फाच्या जनुकांच्या मधोमध डेल्टाची जनुकं बसलेली आहेत. पेशीने अल्फा जोडायला कात्री चालवली की मधली डेल्टा कापून बाहेर पडते. अल्फाचा रस्ता धरला की त्या गुणसूत्रावर परतीची वाटच उरत नाही.

गॅमा-डेल्टा पेशींना एमएचसीच्या हातातला पेप्टाइडचा तुकडा लागत नाही. रक्तातल्या बहुतेकांवर व्हीगॅमा-९ व्हीडेल्टा-२ ही जोडी असते आणि ती फॉस्फेट लागलेले चिमुकले रेणू जाणते, जे क्षयाचा जंतू आणि मलेरियाचा परजीवी बनवतात. हे रेणू ब्युटिरोफिलिन नावाच्या प्रथिनामार्फत जाणवतात. ब्युटिरोफिलिनला नाव लोण्यावरून मिळालं, कारण पहिल्यांदा ते दुधाच्या स्निग्धांशात सापडलं. दुसरी टोळी, व्हीडेल्टा-१ ची, आतड्यात आणि इतर ऊतींत जास्त. आणि एमएचसीचा हातच धरायचा नाही म्हटल्यावर सीडी४ किंवा सीडी८ हवेत कशाला? बहुतेक गॅमा-डेल्टा पेशींवर दोन्ही नसतात.

यांच्या शेजारी आणखी दोन टोळ्या. मेट (एमएआयटी) पेशींचा टीसीआर अल्फा-बीटाच, पण अल्फा साखळी ठरलेली, आणि त्या एमआर-१ नावाच्या हातातले बी-२ जीवनसत्त्वाच्या कारखान्यातले अर्धवट रेणू बघतात. आपलं शरीर बी-२ बनवत नाही, जंतू बनवतात. तो कच्चा माल दिसला की जंतू आला. हा माल कुठला हे कळलं २०१२ मध्ये, फार जुनी गोष्ट नाही. एनकेटी पेशी सीडी१-डी च्या हातातला स्निग्ध माल बघतात. या दोन्हींतही काहींवर सीडी४ नसतो, सीडी८ ही नसतो.

आता घ्या तुमची स्क्रीन. आधी फक्त सीडी३ असलेले ठिपके निवडा. मग आडव्या अक्षावर सीडी४, उभ्यावर सीडी८ लावा. खाली उजवीकडे सीडी४ चा दाट पुंजका, वर डावीकडे सीडी८ चा जरा विस्कटलेला. खाली डावीकडच्या कोपऱ्यात, जिथे आपण "कचरा" समजून लक्ष देत नाही, तिथे एक विरळ झुबका असतो. ते तुमचे सहा टक्के. सीडी३ आहे, सीडी४ नाही, सीडी८ नाही: बहुतांश गॅमा-डेल्टा, थोड्या मेट, थोड्या एनकेटी. धडधाकट माणसात एवढी तूट अगदी रीतसर आहे. उलट सीडी४ आणि सीडी८ ची बेरीज सीडी३ पेक्षा बरीच जास्त आली तर काळजी करा. मोनोसाइटवरही फिका सीडी४ असतो. सीडी३ ची चाळण न लावता मोजलं की ते सीडी४ च्या खात्यात जमा होतात. नैसर्गिक मारक पेशींवरही फिका सीडी८ असतो, तेही तसेच घुसतात. मी शिकाऊ असताना एका पेशंटचा सीडी४ असा फुगवून दिला होता. वरिष्ठांनी काही न बोलता तो प्लॉट माझ्यासमोर ठेवला आणि चहा प्यायला गेले.

दुसरी शक्यता नळीची. एकदा उन्हाळ्यात जतहून आलेली जांभळ्या टोपणाची नळी कुणीतरी प्रेमाने बर्फात गुंडाळून पाठवली होती. सीडी४ चा नमुना खोलीच्या तापमानाला ठेवायचा असतो. गारठ्यात पेशी जातात आणि आकडे भरकटतात. त्या माणसाला पुन्हा रक्त द्यायला यावं लागलं, बसने, ऐंशी-नव्वद किलोमीटर.

तुमचा नमुना ठीक दिसतो. तरी खात्री हवी असेल तर उरलेल्या रक्तातली एक नळी करा: सीडी३, टीसीआर अल्फा-बीटा आणि टीसीआर गॅमा-डेल्टा, सोबत सीडी४ आणि सीडी८. कोपऱ्यातला झुबका बहुतेक गॅमा-डेल्टाला उजळेल. लहान मुलात प्लीहा आणि ग्रंथी वाढलेल्या असतील आणि हाच कोपरा अल्फा-बीटाला उजळला, तर मात्र तो रिपोर्ट नुसता टेबलावर ठेवून घरी जाऊ नका. फास जनुकाच्या बिघाडात असं दिसतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.